९७ गुणांची टीईटी शिनोळीला अडली

बेळगावहून चंदगडच्या वाटेला शिनोळी लागली की महाराष्ट्र सुरू होतो. रस्ता तोच, बोली तीच, फक्त दुकानांच्या पाट्यांवरची कानडी अक्षरं कमी होतात. २०२२ च्या मे महिन्यात आमची धाकटी सून याच रस्त्यानं घरी आली. तिच्यासोबत एक निळी प्लास्टिकची फाइल होती. तीत एसएसएलसी (दहावी) आणि पीयूसीची (बारावी) मार्क्स कार्डं, डी.एड.ची दोन वर्षांची गुणपत्रकं, कर्नाटक टीईटीचं म्हणजे तिकडच्या शिक्षक पात्रता परीक्षेचं प्रमाणपत्र आणि जातीचा दाखला. पुढच्या तीन वर्षांत या फाइलीतल्या प्रत्येक कागदाबद्दल कुणी ना कुणी आम्हाला ऐकवलं, "हे इकडं चालत नाही." सगळेच खरं सांगत नव्हते. काही जण मात्र अगदी बरोबर होते, आणि नेमकं त्यांचंच मी ऐकलं नाही.

मी अनुदानित हायस्कूलमधून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. संचमान्यता, बिंदुनामावली, वैयक्तिक मान्यतेचे प्रस्ताव असल्या शिक्षक नेमणुकीच्या कागदांत आयुष्य गेलं. त्यामुळं सुनेच्या नोकरीचं काम घरात आपसूक माझ्याकडं आलं. या प्रकरणातल्या निम्म्याहून जास्त चुका माझ्या आहेत. सीमाभागातून लग्न होऊन इकडं येणाऱ्या डी.एड. झालेल्या मुली कमी नाहीत, आणि त्यांच्या घरीही माझ्यासारखा एखादा सगळं माहीत असलेला माणूस असतोच, म्हणून सविस्तर लिहितो.

मे आणि शॅल

तिची अर्हता अशी: दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी म्हणजे पीयूसी आर्ट्समधून, मग मराठी माध्यमाचं दोन वर्षांचं डी.एड. २२ ऑगस्ट २०२१ ला झालेल्या कर्नाटक टीईटीत पहिल्या पेपरला १५० पैकी ९७. म्हणजे पहिली ते पाचवीला शिकवायला ती कायद्यानं पात्र.

शिकवण्याचा परवाना असा शब्द आपल्याकडं कुणी वापरत नाही, पण टीईटी हा परवानाच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ नं शिक्षकाची किमान अर्हता ठरवायचा अधिकार केंद्राला दिला, ते काम एनसीटीईकडं, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडं आलं, आणि २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेनं पदविका किंवा पदवी अधिक टीईटी असं समीकरण पक्कं झालं. पदविकेला राज्याची हद्द नाही. कॉलेजला एनसीटीईची मान्यता होती एवढं दाखवता आलं की डी.एड. देशभर चालतं. टीईटीचं तसं नाही. केंद्राची सीटीईटी वेगळी, प्रत्येक राज्याची टीईटी वेगळी.

इथंच मी पहिल्यांदा घसरलो. एनसीटीईनं ११ फेब्रुवारी २०११ ला टीईटीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. राज्याची टीईटी त्या राज्यातल्या सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांना लागू, असं त्यात आहे. पुढच्याच वाक्यात आहे की अशा शाळांना दुसऱ्या राज्याचं टीईटी प्रमाणपत्रही विचारात घेता येईल. मी ते वाक्य पेन्सिलनं अधोरेखित केलं, सुनेला दाखवलं, व्याह्यांना फोन करून सांगितलं. "काळजी नको, तिची टीईटी इकडं चालते, एनसीटीईचंच लिहिलेलं आहे."

इंग्रजीत तिथं 'मे' आहे. 'शॅल' (घ्यावंच लागेल) नाही. आयुष्यभर शासन निर्णय वाचलेल्या माणसाला हा फरक दिसू नये याची लाज वाटते. घेता येईल म्हणजे राज्यानं ठरवलं तर घेता येईल. महाराष्ट्राच्या शिक्षक भरतीत महाटीईटी म्हणजे राज्याची स्वतःची टीईटी किंवा सीटीईटी, या दोनच चालतात. तालुक्यातल्या एका निवृत्त केंद्रप्रमुखांनी मला हे लग्नाच्या मांडवातच सांगितलं होतं. मी म्हणालो, तुम्ही जुनं सांगताय.

टेट आणि टीईटी

दुसरा घोळ शब्दांचा. महाराष्ट्रात टीईटी पास होऊन भागत नाही. नोकरीसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. तिला सगळे टेट म्हणतात. २०० प्रश्न, १२० मिनिटं, १२० गुण अभियोग्यतेला आणि ८० बुद्धिमत्तेला. तिथं पास-नापास नसतं. जे गुण पडतील त्यांवर पवित्र पोर्टलवरची, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावरची गुणवत्ता यादी लागते. सुनेला हे माहीत नव्हतं. "मामा, टेट तर मी पास आहे की," ती म्हणाली. ती बोलत होती टीईटीबद्दल, मी ऐकत होतो अभियोग्यता चाचणीबद्दल, आणि दहा मिनिटं आम्ही दोघं एकमेकांना समजावत बसलो.

टेट पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, त्यानंतर थेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये. मधल्या पाच वर्षांत कितीतरी डी.एड. वाले दुसऱ्या धंद्याला लागले. आम्हाला ती संधी लग्नानंतर आठ-नऊ महिन्यांत मिळाली, म्हणून आम्ही स्वतःला नशीबवान समजलो. अर्ज भरला, तिनं कोल्हापूरला परीक्षा दिली, ११२ गुण पडले. वाईट नव्हते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पवित्रवर स्वप्रमाणपत्र, म्हणजे आपल्या अर्हतेची माहिती भरायचा अर्ज, भरायला बसलो. लॅपटॉप मुलाचा, चष्मा माझा, माउस तिच्या हातात. शैक्षणिक अर्हता भरली, व्यावसायिक अर्हता भरली, पुढं टीईटीची माहिती. निवडायला महाटीईटी आणि सीटीईटी. तिनं तो बाण तीन-चारदा वरखाली केला, जणू खाली कुठंतरी तिसरं नाव दडलं असेल. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "कर्नाटक नाही ओ ह्यात."

११२ गुण तिथंच वाया गेले. आमच्याकडं तोवर सीटीईटीचा निकालही यायचा होता, पण तो आला असता तरी उपयोग नव्हता: अर्हता टेटच्या अर्जाच्या मुदतीपर्यंत हातात असावी लागत होती. फेब्रुवारीनंतर मिळालेलं प्रमाणपत्र त्या फेरीला धरत नाहीत.

८६

सीटीईटी तिनं २० ऑगस्ट २०२३ ला दिली होती, तीही मी 'असू दे जोडीला' म्हणालो म्हणून. सीटीईटी सीबीएसई घेते. भाषा म्हणून मराठी निवडता येते, पण गणित, परिसर अभ्यास आणि बालमानसशास्त्राचे प्रश्न हिंदी आणि इंग्रजीतच. सुनेनं हिंदी धरली. देवनागरी आहे, जमेल.

गणितात तिला ३० पैकी १४ पडले. नापास होणारी पोर नव्हे ती. दिवाळीत माझा हिशेब तीच तपासते. घरी आल्यावर तिनं आठवून आठवून शब्द सांगितले. भिन्न म्हणजे अपूर्णांक, समकोण म्हणजे काटकोन, परिमाप म्हणजे परिमिती. काटकोनाचं तिला आकृतीवरून कळलं, पण तोवर वेळ गेला होता. बालमानसशास्त्रात 'शिक्षा का उद्देश्य' असा प्रश्न दिसला की क्षणभर छडी डोळ्यांसमोर येते, असं ती हसत म्हणाली. मराठी माध्यमाच्या पोरांनी सीटीईटीला बसण्याआधी सगळं सोडून हिंदी पारिभाषिक शब्दांची दोन पानं पाठ करावीत. क्लासवाले हे सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडं येणाऱ्या बहुतेकांनी आधीच इंग्रजी धरलेली असते.

एकूण गुण ८६. निकालावर पात्र असा शेरा. घरी पेढे आले.

पेढे खाऊन झाल्यावर मी फॉर्मची प्रिंट काढून बघितली. प्रवर्गाच्या रकान्यात ओबीसी. तिची जात कर्नाटकात २ए या मागासवर्गीय गटात आहे, केंद्राच्या कर्नाटकासाठीच्या ओबीसी यादीतही आहे, तेव्हा तिनं भरलं ते खरंच होतं. सीटीईटीत खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात आणि ओबीसीला ५५ टक्केच पुरतात, अशी सूट आहे. त्या सुटीवर ती पास झाली होती.

आता प्रश्न असा की महाराष्ट्राच्या भरतीत ती ओबीसी आहे का? ती जात इकडंही ओबीसीत आहे, आम्हीही तेच. म्हणून आम्ही सेतू केंद्रात गेलो. खिडकीतल्या मुलानं पहिलाच प्रश्न विचारला, "१३ ऑक्टोबर १९६७ ला वडिलांकडचे कुठं राहत होते?" ओबीसीचा महाराष्ट्राचा दाखला हवा तर त्या तारखेला कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१. तिचे आजोबा १९६७ साली बेळगाव तालुक्यात, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शेती करत होते. नवऱ्याचा दाखला बायकोला लागू होत नाही. जात माहेरची, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेल्यावर आरक्षण सोबत येत नाही. बाई लग्नानं आली की नोकरीनं, याला महत्त्व नाही.

म्हणजे महाराष्ट्रात ती खुल्या प्रवर्गातली. खुल्याला ९० हवेत. तिचे ८६. सीटीईटीचं 'पात्र' लिहिलेलं प्रमाणपत्र हातात असून ती इथं अपात्र. चार गुणांनी.

हे मला आजही या प्रकरणातलं सगळ्यात बोचरं वाटतं. कर्नाटकातल्या टीईटीत तिला ९७ होते. कोणत्याही प्रवर्गाच्या कुबडीशिवाय ती ६० टक्क्यांच्या वर गेली होती. जे गुण पुरेसे होते ते हद्दीपलीकडचे, आणि जे हद्दीत चालतात ते पुरेसे नाहीत. त्या रात्री ती जेवली नाही. माझ्या बायकोनं मला एवढंच विचारलं, "फॉर्म भरताना तुम्ही कुठं होता?"

नावं तीन, बाई एक

नावाचं प्रकरण त्या मानानं सोपं होतं, पण पैसा आणि वेळ खाल्ला. मार्क्स कार्डावर तिचं नाव आणि आडनाव एका ओळीत, वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत. आपल्याकडं नाव, वडील, आडनाव असं सरळ लिहायची सवय. लग्नानंतर रेशन कार्डासाठी आम्ही घाईनं आधार बदललं, त्यावर सासरचं नाव आलं. सीटीईटीचा अर्ज मी आधार बघून भरला. एकाच फाइलीत तीन स्त्रिया झाल्या.

महाराष्ट्राच्या राजपत्रात नावबदल छापून घेतला, विवाह नोंदणी दाखल्याची प्रत जोडली. तरी मोठ्या परीक्षांना प्रवेशपत्रावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः जुळायला हवं, लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी विशेष लक्ष द्यावं, अशी सूचनाच असते. आम्हाला वाचवलं ते पॅन कार्डानं. ते बदलून घ्यायचा तिनं आळस केला होता, त्यामुळं त्यावर मार्क्स कार्डावरचंच नाव राहिलं होतं. पुढचे सगळे अर्ज माहेरच्या नावानं आणि ओळखपत्र म्हणून पॅन. नव्या नवरीला माझं सांगणं एकच, दहावीवरचं नाव असलेलं एक फोटो ओळखपत्र जिवंत ठेवा, घरचे कितीही म्हणोत.

सीमाप्रश्नातला उपयोगी कागद

अधिवासाचं काय? महिला आरक्षण हवं तर महाराष्ट्राचं रहिवासी असावं लागतं. तिचं इथलं वास्तव्य दोन वर्षांचं. शेजारीण म्हणाली, लाडकी बहीण योजनेत नवऱ्याचा दाखला चालला की! चालला, खरं आहे. २०२४ मध्ये त्या योजनेपुरती परराज्यात जन्मलेल्या बायकांना तशी मुभा दिली होती. एका योजनेची मुभा दुसऱ्या भरतीला लागू होत नसते, हे शेजारणीला पटवायला मला अर्धा तास लागला. एकदा 'घेता येईल'नं हात पोळला होता, आता मी ताकही फुंकून पीत होतो.

वाट निघाली ती अनपेक्षित ठिकाणाहून. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना राज्याच्या नोकरभरतीत अर्ज करता येतो, असा सामान्य प्रशासन विभागाचा १० जुलै २००८ चा शासन निर्णय आहे. अट अशी की त्या गावांत १५ वर्षं वास्तव्य असल्याचा विहित नमुन्यातला दाखला हवा. भरतीच्या जाहिरातींत हा परिच्छेद नेहमी असतो, आणि आपण इकडची माणसं तो नेहमी वाचल्याशिवाय पुढं जातो. सुनेचं माहेर त्या ८६५ गावांतलं.

पंधरा वर्षं सिद्ध करायची होती. पहिली ते दहावी गावातच, शाळेचा दाखला, झाली दहा. पीयूसी दोन आणि डी.एड. दोन, बेळगावला एसटीनं ये-जा करून, पण पत्ता गावाचा, झाली चौदा. एक वर्ष कमी. व्याही तिकडं कपाट उपसत होते, मी इकडं फोनवर बोटं मोजत होतो. शेवटी मतदार यादी निघाली. अठरा पूर्ण झाल्यावर तिचं नाव गावच्या यादीत चढलेलं होतं आणि लग्नापर्यंत तिथंच होतं. दाखला हातात पडायला चार महिने आणि व्याह्यांच्या नऊ फेऱ्या लागल्या. त्याच फेऱ्यांत त्यांनी शाळेतून आणि डी.एड. कॉलेजमधून मराठी माध्यमाचा दाखलाही आणला, कारण मार्क्स कार्डावरची कानडी वाचून माध्यम ठरवायला इकडं कुणी बसलेलं नसतं. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याचं व्हायचं ते होवो, आमच्या फाइलीत त्यातून एक कामाचा कागद आला.

चौथीचं पुस्तक

मग राहिली महाटीईटी. ती १० नोव्हेंबर २०२४ ला झाली. रचना तीच: पाच विषय, प्रत्येकी ३० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सगळं मराठीतून, त्यामुळं गणिताची भीती गेली. अडचण परिसर अभ्यासाची. पहिला पेपर राज्याच्या प्राथमिक अभ्यासक्रमावर बेतलेला असतो, आणि तिचं सगळं बालपण कर्नाटकाच्या पुस्तकांत गेलेलं. कित्तूर चन्नम्मा तिला तारखांसकट पाठ, कावेरीच्या उपनद्या पाठ. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे आणि प्रशासकीय विभाग विचारले की गाडी अडायची.

शेजारच्या पोराकडून बालभारतीची तिसरी ते पाचवीची पुस्तकं आणली. चौथीचं शिवरायांचं पुस्तक ती गोष्टीसारखं वाचून संपवायची आणि मग मला प्रश्न विचारायची, मी चुकलो की खूश. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा लावला. बेळगाव त्याच्या अगदी काठाला, अक्षरं निम्मी कापलेली. दोन महिने भाकरी थापताना सुद्धा ती जिल्हे म्हणत होती. या वेळी प्रवर्ग खुला. या वेळी फॉर्म भरताना मी शेजारी होतो, आणि प्रत्येक रकाना भरल्यावर माझी बायको मोठ्यानं वाचत होती.

९४ गुण.

आणखी एक गोष्ट ओघात सांगतो. प्रमाणपत्रांची पडताळणी आता फार कडक आहे आणि त्याचा उमेदवारांनी राग धरू नये. २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन निकाल फिरवल्याचं पुणे सायबर पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये उघड केलं, साडेसात हजारांहून जास्त जण त्यात अडकले. त्यानंतर परीक्षा परिषदेचं काय किंवा शाळांचं काय, कुणीही कागद नुसता डोळ्यांनी बघून पुढं सरकवत नाही. आमच्या परराज्यातल्या फाइलीला तर दुप्पट वेळ लागला. मी मुख्याध्यापक असतो तर मीही लावला असता.

आत्ता कुठं आहोत

पुढची टेट २७ मे २०२५ पासून ५ जूनपर्यंत झाली. तिला १२१ पडले. आता तिच्याकडं एनसीटीई मान्यतेचं डी.एड. आहे, महाटीईटी ६० टक्क्यांच्या वर आहे, टेटचे गुण आहेत, ८६५ गावांचा दाखला आहे आणि दहावीच्या नावाशी जुळणारं ओळखपत्र आहे. टीईटीची मुदत पूर्वी सात वर्षं होती. जून २०२१ पासून ती आयुष्यभराची झाली, तेव्हा ही परीक्षा तरी परत द्यायची नाही. निवड झाली तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, महिना १६,००० मानधन. हे लिहिताना नियुक्तीपत्र हातात नाही. दरम्यान ती गावाजवळच्या एका विनाअनुदानित शाळेत दुसरीला शिकवते. विनाअनुदानित शाळेला केंद्राची किंवा राज्याची, कुठलीही एक टीईटी धरायची मुभा आहे. मुलाखतीला त्यांनी ८६ बघितले, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाले. पगार सांगण्यासारखा नाही.

गंमत म्हणजे आता माझ्याच जुन्या शाळेतले पंचेचाळिशीचे मास्तर तिच्याकडं पुस्तकं मागायला येतात. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या, सेवेत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला हवं. ज्यांनी वीस वर्षं वर्ग सांभाळले ते आता ओसरीवर बसून तिला बालमानसशास्त्राचे प्रश्न विचारतात, आणि ती त्यांना 'सर' म्हणत चहा देते आणि चुका दाखवते.

गेल्या महिन्यात तिच्या धाकट्या बहिणीचा बेळगावहून फोन आला. डी.एड.चं शेवटचं वर्ष, स्थळं बघायला सुरुवात झालीय, त्यातलं एक मिरजेचं. कर्नाटक टीईटीचा अर्ज भरू की नको, असं ती विचारत होती. सून म्हणाली, "भर, तिकडंच राहिलीस तर लागेल. पण सीटीईटीचाही भर, आणि ओबीसीला किती लागतात ते बघू नको, नव्वदच्या वर काढ. गावच्या मतदार यादीत नाव आहे का ते आजच बघून ये. आणि हो, आधार बदलायची घाई करू नको."

"आणि नाव कुठलं घालू?" तिकडून आवाज आला.

"मार्क्स कार्डावरचं. स्पेलिंगसकट."